लहानूभाऊंचा अंगठा

लहानूभाऊ पिन बसवताना डोळे मिटून घेत. पवनीच्या आमच्या दुकानात लेथ मी चालवायचो आणि इंजिनं ते बांधायचे. पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी ती बोटाएवढी पोलादी पिन. तिच्यासाठी ते रॉडमधल्या बुशचं, म्हणजे आतल्या पितळी कड्याचं, भोक रीमरने जरा जरा वाढवत, डिझेलने धूत, तेलाचा थेंब सोडत आणि पिन अंगठ्याने आत ढकलत. "ढकलली तं गेली पायजे, सोडली तं पडली नाई पायजे," हे त्यांचं माप.

त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. त्याच पाण्यावर मासे धरणाऱ्यांच्या होड्यांसाठी ते इंजिनं बांधत, एकाचा सांगाडा, दुसऱ्याचा पिस्टन असं जुळवून. मी एकदा म्हटलं, पिन थोडी घट्टच बसवली तर जास्त टिकेल. ते हसले नाहीत. "लोखंडबी गरम झालं का फुगते. त्याले जागा ठेवा लागते."

मग त्यांना साखरेचा आजार झाला. एकदा त्यांच्या बोटावर मोठा फोड दिसला. कशाने भाजलं, हे त्यांना सांगता आलं नाही. तळहात चोळत ते म्हणाले, "बोटं माहे नसल्यावानी वाटून राहिले." मी डॉक्टरकडे जा म्हटलं आणि कामाला लागलो.

त्याच महिन्यात सुखदेव ढिवराच्या नावेचं इंजिन आलं. लहानूभाऊंनी पिन ढकलली, डोळे उघडले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच रॉड माझ्यापुढे धरला.

"पाह्य बरं, बरोबर हाय का?"

लेथ चालू होती. त्यांचं काम मी तपासायचं, याचीच मला लाज वाटली. हात न लावता मी म्हणालो, "बरोबर हाय, भाऊ."

आठ-दहा दिवसांनी ते इंजिन भर पाण्यात जाम झालं. वारा सुटला होता. नाव वाहत जाऊन पाण्यातल्या वाळक्या झाडावर आदळली आणि उलटली. सुखदेव आणि त्याची बायको दुपारपर्यंत त्या झाडाला धरून होते. दुसऱ्या नावेने त्यांना काढलं. दोघं वाचले, पण ती बाई पुन्हा पाण्यावर गेली नाही.

इंजिन लहानूभाऊंनीच उघडलं. पिन तापून निळी पडून बुशमध्ये चिकटली होती. ती घट्ट होती. किती जोर लावला, हे त्यांच्या अंगठ्याला कळलंच नव्हतं. ते सुखदेवच्या घरी जाऊन "चूक माही हाय" एवढं बोलून आले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही घेतलं नाही. त्या दिवसानंतर त्यांनी रीमर हातात धरला नाही.

महिन्याभराने त्यांची मुलगी त्यांना आपल्या घरी, सानगडीला न्यायला आली. स्टँडवर ती तिकडे बसची चौकशी करत असताना मी सांगून टाकलं, की त्या दिवशी मी पाहिलंच नव्हतं.

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "तू रॉड हातात घेतलाच नाई. मी अजून एकडाव 'पाह्य' म्हणून सांगाले पायजे होतं. पण तू 'बरोबर हाय' म्हणला, अन् मले तेच आयकाचं होतं."

बस आली. मुलीने त्यांना दंडाला धरून चढवलं. ते खिडकीपाशी बसले, पण बाहेर पाहिलं नाही. बस निघून गेली तेव्हा मला काहीच वाटलं नाही. दुकानात आलो, अर्धं राहिलेलं काम लेथवर चढवलं आणि संध्याकाळपर्यंत पुरं केलं. वाटायला लागलं ते पुढे, सानगडीहून ते वारल्याचा निरोप आल्यावर. तेव्हा सांगायला कोणी उरलं नव्हतं.