परसातला वायफायचा नळ

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तीन महिने पायऱ्या उतरायच्या नाहीत, असं बजावलं. आमच्या पूर्णा गावातल्या घराला मागच्या दाराशी पाच उंच पायऱ्या आहेत आणि खाली आईचं परस. मोगरा, अळू, दोन-तीन वांग्याची झाडं आणि कुंपणाला लागून केळी. कुंपणापलीकडे आमच्या भाऊबंदांची भातशेती होती, तिथे आता गोदाम आहे.

मी दुसऱ्या एका गोदामाच्या ऑफिसात कामाला. सकाळी सातला निघायचं, संध्याकाळी परतायचं. घरी आम्ही दोघीच. आई खिडकीत बसून झाडांकडे बघायची आणि सुकलेलं पान न् पान मला सांगायची. शेवटी मी ऑनलाइन एक वायफायचा नळ मागवला. आपला नळ आणि पाइप यांच्यामध्ये बसवायची डबी. मोबाइलवर बटण दाबलं की पाणी सुरू.

रविवारी सकाळी बसवायला घेतला. डबी नळाला लागली, पण फोनला काही सापडेना. निळा दिवा नुसता लुकलुकत होता. मी पायऱ्या चढ-उतर करून घामाघूम झाले.

"आवाज जात न्हाय काय तिथवर?" आईने खिडकीतून विचारलं.

तिने नेमकं दुखणं ओळखलं होतं. राऊटर पुढच्या खोलीत, मध्ये दोन जाड भिंती. मी तो काढून स्वयंपाकघराच्या खिडकीत, मसाल्याच्या डब्यांशेजारी आणून ठेवला. दिवा लुकलुकायचा थांबला. आईच्या फोनवरही मी ॲप टाकलं. तिने बोट टेकवलं आणि केळीपाशी टाकलेल्या पाइपातून भसकन पाणी आलं. "अगं बया!" म्हणून ती हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

सकाळ-संध्याकाळची वेळ मी लावून दिली. पण चार-पाच दिवसांनी ड्युटीवर असताना फोनवर दिसायला लागलं, दुपारी दीड वाजता पाणी सुरू. दहा मिनिटांनी बंद. रोज. भर उन्हात झाडांना पाणी घालायचं नसतं, हे मला तिनेच शिकवलेलं.

"आये, दुपारी कशाला चालू करतेस?"

"चुकून दाबलं जातं," ती म्हणाली आणि ताट घेऊन उठायला लागली.

मला वाटलं, वयाने होतं असं. मी तिच्या फोनवरून ॲप काढून टाकलं. त्यानंतर ती खिडकीत बसेना. गुडघा दुखत असेल, असं मी धरून चालले.

आठवड्याभराने आमच्या ऑफिसचा सर्व्हर बंद पडला आणि मला दुपारीच सोडलं. घरी आले, मागच्या दारी वाळलेले कपडे काढायला गेले, तर कुंपणाशी तीन बायका उभ्या. अंगात गोदामाची पिवळी जाकिटं, हातात रिकाम्या बाटल्या. पॅकिंगला येणाऱ्या.

त्यांतली थोरली म्हणाली, "दीदी, अम्मा ठीक है ना? आठ दिन से पानी नहीं आया. हमको लगा, तबीयत बिगड़ गई."

मीच नळ सुरू केला. त्यांनी कुंपणातून हात घालून पाइपाचं तोंड धरलं आणि बाटल्या भरल्या. प्यायचं पाणी गोदामाच्या दुसऱ्या टोकाला, तिथे रांग, आणि जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. ऑपरेशनआधी आई रोज स्वतः हंडा घेऊन कुंपणाशी जायची म्हणे. मी कामावर असायचे, मला काय ठाऊक! माझ्या टेबलामागे गार पाण्याचा जार असतो. आमच्याकडच्या पॅकिंगच्या बायका कुठे पाणी पितात, हे मी सहा वर्षांत विचारलं नव्हतं.

आत जाऊन आईसमोर बसले. "सांगायचं नाहीस का?"

"तू झाडांसाठी एवढं मन लावून बसवलंस," ती म्हणाली. "म्हटलं, रागावशील. आनी चुकून म्हटल्यावर तुला खरंच वाटलं. मग मी काय बोलू?"

तिचा फोन मागून घेतला आणि ॲप परत टाकलं. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं एवढंच, "जेवलीस का?" तिने मान हलवली आणि मला जवळ ओढलं.

पुढच्या रविवारी प्लंबरकडून कुंपणाला एक वेगळा, साधा नळ काढून घेतला. त्या बायकांनी बाहेरूनच उघडायचा, बंद करायचा. आता आईला बटण दाबायची गरज नव्हती, तरी दीड वाजला की ती खिडकीत असायची.

तीन महिने भरले, त्या शनिवारी मला सुट्टी होती. माझ्या खांद्याला धरून ती पाचही पायऱ्या उतरली आणि काठी टेकत कुंपणापर्यंत गेली. थोरलीने जाळीतून तिचा हात धरला. मग दोघी गुडघ्यांबद्दल बोलत बसल्या, एक मराठीत, एक हिंदीत. थोरलीचाही डावा दुखत होता. पलीकडे सुट्टी संपल्याची घंटा झाली, तशी ती पळाली. आई वांग्याच्या झाडाशी वाकू बघत होती. मी म्हटलं, "वाकू नको, मी काढते," आणि तिने बोटाने दाखवलं तशी एकेक सुकलेली फांदी मी काढत गेले.