खांद्यावर प्रेमदास

कळमनुरीच्या अलीकडच्या तांड्यावर उजाडता-उजाडता एक पोरगं दुसऱ्याला खांद्यावर घेऊन उठबशा काढायचं. पाण्याला निघालेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. खाली भावसिंग, वर प्रेमदास. पोलीस भरतीच्या शंभर मीटरचं खूळ दोघांच्याही डोक्यात.

नुसते हातपाय झटकून पळालं तर पाय झोपेतच राहतात, हे त्यांना करून-करून कळलं होतं. जड वजन घेऊन थोड्या उठबशा काढायच्या, जरा दम खायचा, मग सुटायचं. दम न खाता पळालं की मांड्या भरून येतात, गडी निम्म्यातच गार. लोखंडी वजनं तांड्यावर कुठली? मग एकमेकांनाच उचलायचं. एकानं बांधावरून पळायचं, दुसऱ्यानं शेवटच्या बाभळीपाशी उभं राहून बघायचं.

भरतीत प्रेमदासचा नंबर सकाळी लागला. मैदानाच्या कोपऱ्यात त्यानं भावसिंगला उचललं, दम खाल्ला, पळाला, पास निघालाच! पुढच्या चाचणीला त्याला आत नेलं. भावसिंगची पाळी दुपारी आली. भोवती एवढी पोरं, पण ‘बस रे माझ्या खांद्यावर’ म्हणायला त्याची जीभ रेटेना. अहो, नुसतं विचारायचं होतं! मेला लाजरा! तसाच पळाला आणि थोडक्यात हुकला.

पुढची वर्षं तो हळदीचं पोतं खांद्यावर घेऊन उठबशा काढायचा. वजन बराबर होतं. पण बाभळीपाशी कोण उभं राहणार? आज पळणं जमलं का बिघडलं, सांगायला कुणी न्हाई. भरतीचं वय निघून गेलं, माय जनकाबाई गेली. घर खायला उठायचं, म्हणून तो सकाळी पळतच राहिला.

एका होळीला पोलीस झालेला प्रेमदास सुट्टीवर तांड्यावर आला. पोट सुटलेलं, हातात मोबाईल. भावसिंग त्याला बांधावर घेऊन गेला आणि खाली बसला.

“बस खांद्यावर.”

“आता काहून रे?”

“बस. मंग बाभळीपाशी जाऊन उभा राह्य.”

प्रेमदास हसत बसला. भावसिंगनं त्याला उचललं, उठबशा काढल्या, उतरवलं, दम खाल्ला. प्रेमदास बाभळीकडं गेला आणि भावसिंग सुटला. असे पाय जन्मात चालले नव्हते. ऊर फुटेस्तोवर पळाला. आता ह्यानं फक्त म्हणावं, जमलं रे भाव्या.

बाभळीला हात लावून त्यानं वर बघितलं. प्रेमदास पाठमोरा उभा होता, कानाला मोबाईल लावून. बोलणं संपवून वळला आणि म्हणाला, “हं, पळ आता.”

“व्हय,” भावसिंग म्हणाला आणि बांधाच्या दुसऱ्या टोकाकडं परत चालू लागला.