परत सरकवलेला कागद

आमच्या घरात एक गोष्ट वर्षानुवर्षं कौतुकानं सांगितली गेली. वडिलांनी सांगितली, आईनं सांगितली, माझ्या लग्नाच्या बैठकीत मुलीकडच्या मंडळींनाही सांगून झाली. ती मुळात कशी घडली हे मला एकट्याला ठाऊक आहे. बायकोपाशीसुद्धा मी ते कधी बोललो नाही. आज तुमच्यापाशी बोलतोय. का, ते नीटसं मलाही कळत नाही.

पण आधी घराचं सांगावं लागेल. सबब म्हणून नाही. सबब नाहीच.

आमचं गाव सोनगीरपासून आत, धुळे तालुक्यातलं. वडील धुळ्याच्या एका जिनिंगमध्ये कामाला. कापसाचा हंगाम असला की काम, नसला की मिळेल ते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवर, कानांत, मिशीत कापसाचे तंतू. आई तेलाच्या घाणीवाल्याच्या शेंगा घरी आणून फोडायची. फोडून फोडून तिच्या बोटांची टोकं सोलून निघायची, आणि त्या ढिगातला एक दाणा आम्ही पोरांनी तोंडात टाकला तर ती मारायची. दाणे वजनावर परत द्यायचे असायचे. अक्का, माझी मोठी बहीण, चौथीनंतर शाळेत गेली नाही. ती आईशेजारी शेंगा फोडायला बसली, म्हणून मी पाचवीत गेलो. हे कुणी ठरवून केलं असं मला आठवत नाही. तसं झालं एवढंच.

अमळनेरच्या कॉलेजात मी बी.कॉम. झालो. आमच्या घराण्यातला पहिलाच. त्याचा मला गर्व होता, अजून आहे, लपवत नाही. इंग्रजी मी गाइडं वाचून, डिक्शनरी उघडी ठेवून, पुडीला आलेले पेपर वाचून शिकलो. पेपरात मार्क चांगले पडले. पण खरं सांगू? ते इंग्रजी सगळं डोळ्यांचं होतं. आमचे सरही इंग्रजी मराठीतून शिकवायचे. कुणी माणूस तोंडानं इंग्रजी बोलतोय आणि मी ते ऐकून समजून घेतोय, असं पदवी हातात पडेपर्यंत एकदाही घडलं नव्हतं. आणि हे कुणाला सांगणार? वडिलांना? नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "पोऱ्या, आते तुले बठ्ठं येस ना?" मी म्हटलं, हो, सगळं येतं.

नोकरी जळगावात, एका बँकेच्या मोठ्या शाखेत. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. अजिंठ्याला जाणारे परदेशी लोक जळगावला उतरायचे, त्यामुळे आमच्याकडे परकीय चलनाचं एक टेबल होतं. साहेबांनी विचारलं, इंग्रजी कोणाला जमेल? कुणी हात वर करीना. मी केला.

काम तसं साधं होतं. पाहुण्यानं पासपोर्ट दाखवायचा. मी नाव, नंबर, देश उतरवून घ्यायचा, फोटो आणि चेहरा ताडून बघायचा. ट्रॅव्हलर्स चेकवर त्यानं माझ्यासमोर दुसरी सही करायची, पहिलीशी ती जुळली की रुपये. पासपोर्ट डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक पैसा द्यायचा नाही, हा नियम. "पासपोर्ट?" "साइन हिअर." "थँक यू." या तीन वाक्यांवर मी आठ-दहा महिने काढले, आणि शाखेत माझं नाव झालं — सोनवणेचं इंग्रजी फाडफाड आहे. मीही ते होऊ दिलं.

मग तो शनिवार आला. शनिवारी काउंटर बारालाच बंद व्हायचा, म्हणून गर्दी. रांगेत गावाकडच्या आमच्या गल्लीतले दगा आबा उभे होते, पोराला पाठवायचा ड्राफ्ट काढायला. मला बघून खूश झाले, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की हा आमच्या गावचा. तेवढ्यात तो माणूस आला. साठीच्या आसपासचा, उंच, शर्टाला वाळलेली माती. हातात चेकांचं पुडकं. पासपोर्ट नव्हता.

मी म्हटलं, "पासपोर्ट?"

तो बोलायला लागला. ऑस्ट्रेलियाचा होता हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की मला काहीच कळत नाहीये. एक शब्द नाही. तो थांबला, पुन्हा बोलला, हळू बोलला. बाहेर रस्त्याकडे हात केला, छातीवर हात ठेवला. मी मान हलवत राहिलो — समजणारा माणूस हलवतो तशी.

मागून दगा आबांनी विचारलं, "काय म्हनस रे तो?"

सगळी रांग माझ्याकडे बघत होती. दोन टेबलं पलीकडून आमचे लोकही. मी म्हटलं, "त्यानाजोडे पासपोर्ट नही शे, आबा."

एवढं तर दिसतच होतं. पण ते मी अशा सुरात म्हणालो, जणू त्यानंच मला ते सांगितलं.

आणि मला काही कळत नाहीये, हे त्या माणसाला समजलं. बाकी कुणाला नाही, त्याला समजलं. त्याचा चेहरा मऊ झाला. त्यानं खिशातून हॉटेलचं बिल काढलं, पालथं घातलं आणि त्यावर लिहायला लागला. मोठ्या, सुट्या अक्षरांत, लहान मुलासाठी लिहावं तसं. लिहून झाल्यावर कागद माझ्याकडे सरकवला.

आता इथं थांबतो जरा.

वाचता तर मला येत होतं ना? तेवढंच तर येत होतं! त्या माणसानं मला माझ्या लाजेतून बाहेर यायला दार उघडून दिलं होतं. कागद उचलायचा, वाचायचा, बस. पण उचलला असता तर रांगेतल्या लोकांनी पाहिलं असतं, की सोनवणेला बोललेलं कळत नाही, गोऱ्याला लिहून द्यावं लागतं. आबा ते गावात घेऊन गेले असते.

मी कागद न बघता एका बोटानं परत सरकवला. म्हटलं, "रूल्स, सर."

मग केबिनमध्ये गेलो. साहेब कामात होते. मी सांगितलं की एक परदेशी आलाय, पासपोर्ट हरवलाय म्हणतो, तसेच पैसे द्या म्हणतो. साहेबांनी मान वर केली नाही. म्हणाले, तसं देता येणार नाही, पोलिसांत जायला सांगा. साहेब माणूस भला होता. त्यांना खरं कळलं असतं तर — पण मी जे सांगितलं, तेच त्यांना कळलं.

बाहेर येऊन मी मान नकारार्थी हलवली. तो चेकांचं पुडकं उचलून गेला. कागद काउंटरवरच राहिला. दुसरं कुणी वाचू नये म्हणून मी तो खिशात घातला.

बारा वाजता जाळी ओढून घेतली. मग मागच्या जिन्यात बसून मी तो कागद वाचला. सोपं इंग्रजी होतं, एकही शब्द अडला नाही. त्याची बायको अजिंठ्याच्या पायऱ्यांवरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. ती शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात होती. ऑपरेशनसाठी सळी बाहेरून मागवायची होती, त्याची आगाऊ रक्कम भरेपर्यंत दोघांचे पासपोर्ट डॉक्टरांनी कपाटात ठेवून घेतले होते. रकमेशिवाय पासपोर्ट नाही, पासपोर्टशिवाय रक्कम नाही. कृपा करून कुणी माझ्यासोबत येऊन तो तिथे बघाल का, किंवा डॉक्टरांना फोन कराल का? खाली दवाखान्याचं नाव.

त्या डॉक्टरांचं खातं आमच्याच शाखेत होतं. दवाखाना दहा मिनिटांवर. साहेब अजून केबिनमध्ये होते, रोखपाल रोकड जुळवत होता. बँकेचा माणूस जाऊन पासपोर्ट बघून आला असता, तर नियमही पाळला गेला असता आणि कामही झालं असतं. मला फक्त केबिनचं दार ढकलून म्हणायचं होतं, साहेब, माझी चूक झाली.

मी डबा खाल्ला. पिंप्राळ्याला खोलीवर गेलो आणि झोपलो.

सोमवारी तो पुन्हा आला. दोन्ही पासपोर्ट घेऊन. मी नाव लिहिलं, नंबर लिहिला, फोटो आणि चेहरा ताडला. त्यानं सही केली तेव्हा हाताकडे लक्ष गेलं. डाव्या अनामिकेवर पांढरा पट्टा होता, वर्षानुवर्षं ऊन न लागलेल्या कातडीचा. रुपये घेतल्यावर त्यानं एक पावती माझ्यापुढे धरली. सराफाची. दोन अंगठ्या, वजन, शनिवारची तारीख. त्यानं दुकानाच्या नावावर बोट ठेवलं.

पैसे आल्याबरोबर त्याला त्या सोडवून आणायच्या होत्या. त्या गहाण पडलेल्या नव्हत्या, विकलेल्या होत्या, हे त्याला माहीत होतं का? असेल. तरी जावंसं वाटलं असेल.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याला घेऊन गेलो. सराफा बाजारातलं लहानसं दुकान. शेठनं त्याला ओळखलं, बसायला गादी दिली, पाणी मागवलं. मी विचारलं. शेठनं हात जोडले.

"शनिवारीच आटवल्या, साहेब. अनोळखी माणसाचं सोनं आम्ही जसंच्या तसं दुकानात ठेवत नाही. हा एकटाच आला होता, सोबत बोलणारं कुणी नव्हतं. तुम्ही त्या दिवशी आला असता तर सांगितलं असतंत ना, दोन दिवस थांबा म्हणून?"



तो माणूस माझ्या तोंडाकडे बघत होता. 'मेल्टेड' हा शब्द मला येत होता. स्पेलिंगसकट येत होता. तोंडातून निघेना. मी त्याच्या हातातली पावती घेतली, शेठकडून पेन घेतलं आणि मागे लिहून दिलं. त्यानं वाचलं. पावती घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. शेठला नमस्कार केला, आपल्यासारखा, दोन्ही हात जोडून.

बाहेर रस्त्यावर आल्यावर तो मला काहीतरी म्हणाला. चार-पाचच शब्द. शेवटाला सूर वर गेला, म्हणजे प्रश्न असावा. त्यानं उत्तराची वाट पाहिली. मी म्हटलं, "येस." तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि दवाखान्याच्या दिशेनं निघून गेला. काय विचारलं होतं? मला आजही माहीत नाही. पुढे आठवडाभरानं कळलं, की ऑपरेशन झालं आणि बाईंना स्ट्रेचरवरून मुंबईच्या गाडीत चढवलं. त्यापलीकडचं काही कळलं नाही. त्याचं नाव मला पाठ आहे. माझ्याच हातानं वहीत लिहिलं होतं.

इकडे दगा आबांनी गावात जाऊन सांगितलं ते वेगळंच. मी गावी गेलो तेव्हा वडील पारावर चार माणसांत बसले होते. मला बघून आवाज चढवून म्हणाले, "मना पोऱ्यानी गोराले कायदा दखाडा." लोक हसले. कुणी म्हणालं, अरे, यांनी आपल्यावर किती वर्षं राज्य केलं, आता आपला पोरगा त्यांना कागद परत करतो. वडिलांचा ऊर भरून आला होता. जिनिंगमध्ये त्यांना आयुष्यभर कुणी नावानं हाक मारली नव्हती. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि हसलो.

ती गोष्ट ते अंथरुणाला खिळेपर्यंत सांगत राहिले. भेटायला येणाऱ्यांना सांगत. अक्का त्यांना पाणी पाजताना मान डोलवायची. माझ्याकडे अभिमानानं बघायची. मी एकदाही म्हटलं नाही की नाना, तसं नव्हतं. त्यांचा आनंद मोडू नये म्हणून गप्प राहिलो, असं मी स्वतःला सांगत आलो. पण ते गेल्यावर? तेव्हा कुणाचा आनंद मोडणार होता? तरी गप्पच राहिलो. माझी मुलं ती गोष्ट खरी धरून मोठी झाली.

तो कागद मी जिन्यातच फाडला होता, हेही सांगून टाकतो.

त्या वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात साहेबांनी शेरा लिहिला — परकीय चलनाचं काम बघतो, नियमांच्या बाबतीत काटेकोर. पुढच्या वर्षी बढतीची यादी लागली. त्यात माझं नाव होतं. मी अधिकारी झालो.