बंद गाडीचा ब्रेक

हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. सख्ख्या भावाला नाही, ज्याच्याबरोबर बसलो की पोटातलं सगळं ओठावर येतं त्या मित्रालाही नाही. आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही तिला ओळखत नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणाने झाली.

मीरा रोडला माझी ड्रायव्हिंग स्कूल आहे. एकवीस वर्षं लोकांना गाडी शिकवतोय. मराठी माणसाला मराठीत, बाकीच्यांना हिंदीत, आणि चुकलं की ज्याला जी कळेल त्या भाषेत झापतो. प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या आठवड्यात मी एक किस्सा सांगायचो — सांगायचो कसला, मागच्या महिन्यापर्यंत सांगत होतो. ‘आमच्या मॅडमनी ब्रेक समजून क्लच दाबला आणि माझ्याच गाडीच्या डिकीत घुसल्या. मास्तरची बायको, बोला आता. म्हणून आधी आपला पाय कुठे आहे ते बघा.’ सगळे हसतात. वनिता, म्हणजे माझी बायको, तिथे टेबलाशी फॉर्म भरत बसलेली असते. तीही हसते.

तो किस्सा खोटा आहे.

थांबा, असं नाही कळणार. नीट सांगतो.

वनिता भाईंदरजवळच्या मुर्धा गावची, कोळ्याची मुलगी. लग्नानंतर माझ्याकडेच गाडी शिकली आणि — हे कबूल करतो — माझ्यापेक्षा चांगली चालवायला लागली. माझ्या हाताला घाई आहे, तिच्या नाही. शिकायला येणाऱ्या बायका मला बघून आखडायच्या, तिच्याशी मोकळ्या व्हायच्या. मग ठरलं की बायकांची सकाळची बॅच वनिताच घेणार. शिकवायच्या परवानगीसाठी लागणारे कागद तिने स्वतः जमवले. फॉर्म भरून तयार होता. बोर्डावर तिचं नाव रंगवून घ्यायचं होतं. मी सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटलो होतो. आतून काय वाटत होतं? सांगतो, तेही सांगतो.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. तिच्या भावाचं लग्न, म्हणून ती चार दिवस गाडी घेऊन माहेरी गेली होती. रविवारी सकाळी गाडी चालूच होईना. सेल्फ मारला की नुसतं कट-कट. मी स्कूलची गाडी घेऊन गेलो आणि तिच्या बॅटरीवरून बंद गाडीला जंपर केबल लावल्या. तेवढं मात्र अगदी रीतसर केलं — लाल केबल लालला, काळीचं शेवटचं टोक मेलेल्या बॅटरीला नाही तर इंजिनच्या उघड्या लोखंडाला, म्हणजे बॅटरीपाशी ठिणगी उडत नाही. गाडी सुरू झाली. केबल काढली की बंद. परत लावली, सुरू. काढली, बंद. अल्टरनेटर गेला होता, म्हणजे चालू गाडी स्वतःची बॅटरी भरतच नव्हती. अशा गाडीला धक्का मारूनही काही होत नाही. लग्नघर ते, सगळे पाहुणे अंगणात जमलेले. तिचे काका म्हणाले, “काय मास्तर, शिकवताव का नुसता हॉर्न वाजवताव?” हशा झाला. माझं डोकं तापलं.

वनिता म्हणाली, गॅरेजची क्रेन बोलवा. सासरवाडीच्या दारातून माझी गाडी क्रेनला लटकून जाणार? मी म्हटलं, काही गरज नाही, टोचन करून नेऊ. टोचन म्हणजे पुढच्या गाडीला दोर बांधून मागची ओढत न्यायची.

सासऱ्यांनी होडीचा नायलॉनचा दोर आणून दिला. इंजिन बंद पडलेली होडी दुसऱ्या होडीला बांधून आणायची, हे त्यांनी जन्मभर केलेलं. मी दोर दुहेरी करून आखूड बांधतोय हे बघून ते हळूच म्हणाले, “जावई, दोर लांब सोडा. मागची होडी लगेच थांबत न्हाय.” मी त्यांचीच नक्कल करून म्हटलं, “मामा, ह्यो रस्ता हाय, दर्या न्हाय.” पुन्हा हशा झाला. या वेळी माझ्या बाजूने. लांब दोर सोडला की भाईंदरच्या रस्त्यावर मधून रिक्षा घुसते, बाइक घुसते, हे खरंच आहे. पण कारण ते नव्हतं. मला त्यांचं ऐकायचं नव्हतं.

मागच्या गाडीत वनिता बसली. इंजिन बंद असलं की ब्रेकला जोर मिळत नाही. पहिल्या दोन-तीन वेळा पेडल नीट जातं, मग दगड होतं. अख्खं वजन टाकलं तरी गाडी थांबता थांबत नाही. मला हे माहीत होतं. मी फळ्यावर चित्र काढून शिकवतो हे. तिला कधी सांगितलं नव्हतं, कारण बंद गाडीत बसायची वेळच तिच्यावर आली नव्हती. सांगायला किती वेळ लागला असता? अर्धं मिनिट? पण मग ती म्हणाली असती, क्रेनच बोलवा. आणि सगळ्यांसमोर तिचं बरोबर ठरलं असतं. मी एवढंच म्हटलं, “चावी ऑन ठेव, नाहीतर स्टेअरिंग लॉक होईल. न्यूट्रलला टाक. चल.”

मुर्धा सोडलं. दोन ठिकाणी तिने ब्रेक मारला, दोराला झटका बसला तसं मला कळलं. तिसऱ्या वेळी झटका आला नाही, तिची गाडी अंगावर यायला लागली. मी आरशात पाहिलं. बॅटरी मेलेली, त्यामुळे तिचा हॉर्न वाजत नव्हता. तिने खिडकीतून हात काढून थांबायची खूण केली. मला ती खूण दिसली — नाही कसं म्हणू, दिसली. मी हात हलवून चल, चल केलं. तेवढ्यात पुढे एका टेम्पोने रिव्हर्स घेतला आणि मी ब्रेक मारला. आरशात मला ती सीटवरून अर्धी उठून, सगळी ताकद पायात आणून दाबताना दिसली. मग धडक बसली.

तिचा ओठ फाटला. लोक जमले, मागून स्कूटरवर सासरे आले. तोंडाला पदर लावून ती म्हणाली, “मी ब्रेक दाबला होता.” सगळे माझ्याकडे बघायला लागले. मास्तर मीच ना. मी ओरडलो, “क्लच दाबलास तू, क्लच. एवढं शिकवलं, तरी पाय कळत नाही?”

तिने वाकून स्वतःच्या पायांकडे पाहिलं.  सासऱ्यांनी दोर सोडला, गुंडाळला आणि घेऊन गेले.

त्या दिवसापासून ती गाडी चालवत नाही. तो फॉर्म कपाटात आहे. त्याच संध्याकाळी मी सांगू शकलो असतो, दुसऱ्या दिवशीही. नाही सांगितलं, कारण — आता लपवून काय करू — मला बरं वाटलं होतं. बोर्डावर माझं एकट्याचं नाव राहिलं. मग मी त्याचा किस्सा केला. वर्षानुवर्षं, तिच्या देखत. लाज वाटते हा शब्द फार छोटा पडतो, पण दुसरा मला येत नाही.

मागच्या महिन्यात आमच्या बिल्डिंगमधल्या शहाभाईंची गाडी बंद पडली. टोचन करायचं ठरलं. मी सवयीने सुरू झालो — रस्सी लंबी रखो, स्पीड एकदम कम, और सुनो, इंजिन बंद है तो दो-तीन बार के बाद ब्रेक पत्थर हो जाएगा, घबराना मत, पहले से दबाओ, हँडब्रेक पे हाथ रखो. बोलून वळलो तर मागे वनिता भाजीची पिशवी घेऊन उभी. केव्हापासून उभी होती कोण जाणे.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. तिने दाराकडे बघतच विचारलं, “तेव्हा माझा पण असाच झाला होता का हो, ब्रेक? फार कडक लागला होता मला.”

नऊ वर्षांनी तिने विचारलं. माझ्या तोंडून काय निघालं?

“नाही गं. तुझी चावी ऑन होती ना. चावी ऑन असली की होत नाही तसं.”

चावी ऑन असून काहीही फरक पडत नाही. हे मला माहीत आहे, तिला नाही. गाडीतलं तिला जे काही कळतं ते मी शिकवलेलं आहे.

तिने मान हलवली. “मग माझाच पाय चुकला,” म्हणाली.

मी हो म्हटलं.