दिनकरच्या जीपची पहिली फेरी

मस्कतहून निघताना मुलाने विचारलं, "बाबा, तुमचं वय बहात्तर. राहता इथे. कोल्हापुरात जुनी डिझेल जीप घेऊन करणार काय?"

"सह्याद्रीत हिंडेन," मी म्हणालो. माझी प्रवासवर्णनं वाचणाऱ्यांनाही हे उत्तर पटलं असतं. ते खरं नव्हतं.

जीपचा फोटो पुतण्या संभाजीने सहज पाठवला होता. चारही चाकं ओढणारी गाडी, पासिंग नुकतंच नवं करून घेतलेलं. पण डाव्या मडगार्डचा पोचा मी ओळखला. ती दिनकरची जीप होती. दिनकर माझा बालमित्र, दोन वर्षांपूर्वी गेला. आता त्याची बायको शालन ती विकत होती. मी परदेशात राहणारा, म्हणून गाडी संभाजीच्या नावावर घ्यायची ठरवली आणि त्याला बजावलं, "सांगतील ती किंमत दे. आणि माझं नाव काढू नकोस." शालनच्या पदरात चार पैसे पडतील, गाडी कोल्हापुरात येईल आणि मी लांबूनच मोकळा होईन, असा माझा बेत होता.

मी कोल्हापुरात उतरलो तेव्हा संभाजीचा चेहरा पडलेला होता. "काका, त्या बाई म्हणतात, खरा घेणारा माणूस आल्याशिवाय किल्ली देणार न्हाय."

सकाळी निघण्याआधी मिसळ खायला थांबलो. तिखट तर्रीचा तो वास मस्कतमध्ये कितीदा आठवला होता, पण आज मी वाटी तशीच ठेवून कपाळ पुसत होतो. वाढणारा रश्श्याची बादली घेऊन उभा राहिला.

"पावणं (पाहुणे), रस्सा वाढू? का घामानंच वाटी भरायची?"

"जुनी जीप घ्यायला निघालोय," संभाजीने माझ्याऐवजी सांगितलं.

"मग घाम बराबर हाय. जुनी गाडी म्हंजे दुसरेपणाचं लगीन की ओ. आधीच्या घरचं समदं संगं येतंय!"

आजूबाजूचे हसले. मीही हसलो, आणि पाणी पिताना मला ठसका लागला.

कागल, निपाणी, संकेश्वर करत आम्ही गडहिंग्लजच्या रस्त्याला लागलो. हंगाम जोरात होता. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मोठमोठ्याने गाणी लावून रस्ता अडवत होते. एका ट्रॉलीतून मोळी निसटून आमच्या काचेवर आली. काच वाचली, आरसा गेला. संभाजी उतरून भांडायला लागला आणि ट्रॅक्टरवाला वरूनच ओरडला, "आरसा गेला तर गेला, मागं बघून काय करतुयास? पुढं बघ!" एरवी असं वाक्य मी हौसेने टिपून घेतलं असतं. त्या दिवशी मी काच वर केली.

नेसरीच्या खिंडीची पाटी दिसली तेव्हा मी मान वळवली. बोल लागला म्हणून उलट फिरून शत्रूच्या अंगावर गेलेल्या माणसांची ती जागा. मी उलट दिशेने गेलेला माणूस.

दिनकरचं गाव तिथून जवळ. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. गावाआधी ओढा आहे आणि ओढ्यापाशी वळण. ते आल्यावर मी संभाजीला म्हणालो, "हळू घे."

"हळूच हाय, काका."

दिनकर या जीपवर वडाप करायचा (रस्त्यातून माणसं भरत जाणारी खासगी गाडी). मी मस्कतला जाणार होतो त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बाजारातून रिकामी जीप घेऊन परतत होतो. 'मला दे चालवायला, पुन्हा कधी मिळणार,' म्हणून मी हट्टाने स्टिअरिंग घेतलं. वळणावर मौला शिकलगारची सायकल मला दिसलीच नाही. त्याचा पाय चाकाखाली आला. दिनकर खाली उडी मारता मारता म्हणाला, "तू शेतातनं नीघ. पोलिसात नाव आलं तर जाणं बोंबलंल. मी बघतो." मी निघालो. मागे वळूनही पाहिलं नाही.

पुढचं याहून वाईट आहे. काही वर्षांनी दिवाळी अंकात मी आखातातल्या गाड्यांवर गमतीचा लेख लिहिला. त्यात माझा बेफाम मित्र दिनकर आणि त्याच्या जीपचे किस्से रंगवले, ओढ्याजवळचा तो अपघातही त्याच्याच नावावर. लोक हसले. गावात अंक आला. लोकांनी दिनकरच्या वडापात बसणं आधीच कमी केलं होतं, आता छापूनच आलं म्हटल्यावर बंद केलं. त्याने जीप शेतावर शेणखत ओढायला लावली. मला त्याने कधी एका शब्दाने विचारलं नाही.

शालन अंगणात उभी होती. जीप धुऊन, हळद-कुंकू लावून, पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवून तयार.

"या, भावजी."

संभाजी माझ्याकडे बघायला लागला. "काका, मी न्हाय सांगितलं!"

"त्यानं कशाला सांगाय पायजे?" शालन म्हणाली. "सांगितला दर मान डोलवून देतंय, घासाघीस न्हाय, काय न्हाय. भाव न पाडता जुनी गाडी घेणारा आमच्यात एक तर येडा, न्हायतर देणेकरी. येडा न्हवं हे पोरगं. मग म्हटलं, आडनाव इचारावं."

"वहिनी, मला काही सांगायचंय."

"मला नगा सांगू. जीप चौकीवरनं घरला आली तवा सीट पार पुढं वढलेलं होतं. आमच्या मालकांचं गुडगं डॅशबोर्डला लागायचं, त्यास्नी तसं बसाय तरी येतंय व्हय? मी इचारलं. म्हणालं, 'गप बस, त्याची लेकरंबाळं हाईत.'" तिने किल्ली पुढे केली. "आमच्या घरची गाडी इकली की घेणारा पहिली फेरी सोता मारतो. देवळापतूर. घरचं माणूस शेजारी बसतं. गावाला कळाय पायजे, गाडी कुणाच्या हातात गेली ते."

"संभाजी चालवेल. माझी सवय गेली आहे."

"मग जीप हितंच ऱ्हाईल."

ती शेजारच्या सीटवर जाऊन बसली. कट्ट्यावरची माणसं उठून जवळ आली होती. मी आत चढलो. माझे पाय पेडलना पोचेनात. सीटखालची दांडी ओढली, तर गंजलेली रूळपट्टी अशी किंचाळली की अंगणातली बोलणी थांबली. सीट पुढे आलं. शालन समोर बघत होती.

इंजिन खोकलं, मग धरलं. गल्लीत पोरं बाजूला झाली. देवळासमोर मी ब्रेक दाबला. नारळ फुटला. मला वाटलं, संपलं.

"आनी थोडं पुढं," शालन म्हणाली.

पुढे मौलाचं दुकान होतं. विळ्या-कोयत्यांना धार लावायचं. तो स्टुलावर बसला होता, वाकडा पाय पुढे पसरलेला, काठी भिंतीला टेकवलेली. जीपचा आवाज ऐकून त्याने मान दुसरीकडे फिरवली. सवयीने फिरवली, हे दिसत होतं.

मी इंजिन बंद केलं. उतरलो. मागून चार-पाच माणसं आली होती.

"मौलाभाई, त्या दिवशी गाडी दिनकर चालवत नव्हता. मी चालवत होतो."

त्याने हातातला कोयता खाली ठेवला. माझ्याकडे, मग जीपमधल्या शालनकडे पाहिलं. तिने होकाराची मान हलवली.

"वैनी, तुमास्नी ठावं हुतं?"

"त्यांनी शपथ घातल्याली."

मी शिव्यांची वाट पाहत होतो. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दिनकर रोज हितनं जायचा," तो म्हणाला. "रोज 'रामराम मौला' म्हणायचा. मी एकदा बी उत्तर दिलं न्हाय. मरूस्तवर. पायाचं ऱ्हाऊ द्या, पायाची सवय झालीया. ते रामराम आता मी कुणाला देऊ, सांगा की?"

मी दुकानाच्या पायरीवर बसलो.

"जितं छापलंसा तितंच छापा," तो शेवटी म्हणाला आणि पुन्हा कोयता उचलला.

मी मस्कतला परतलो आहे. जीप संभाजीकडे कोल्हापुरात आहे. तो उंच आहे, परवा फोनवर म्हणाला, "काका, ते सीट काय मागं सरकंना. गॅरेजला दाखवू का?" मी म्हटलं, दाखव. गाडी चालवणाऱ्याला नीट बसता आलं पाहिजे. दिनकरला गावात तसं मोकळेपणाने बसणं माझ्यामुळे पुन्हा मिळालं नाही. त्याच अंकाच्या वाचकांसाठी हे लिहिलं आहे. पूर्वीच्या लेखाला तुम्ही हसला होतात. त्या जीपमध्ये बेफाम माणूस एकच होता, आणि दिनकर त्याच्या शेजारी बसला होता.