कॅसेटच्या शेवटचं गाणं

रिकाम्या जागेचा एवढा धसका घेतलेला माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. आमचे घरमालक चाचा बाजारातून येताना पिशवीत चार बोटं जागा उरली, तर तिथं एखादा मुळा कोंबून आणत. पोस्टकार्डाचा कोपरा कोरा राहिला, तर त्यात "बाकी सर्व ठीक" असं दुसऱ्यांदा लिहीत. माझ्या खोलीच्या एका कोपऱ्यात काहीच नाही हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा मला न विचारता त्यांनी तिथं एक तीन पायांचं स्टूल आणून ठेवलं. मुळात ते चार पायांचं होतं. "ऱ्हाऊ द्या सर, लई मोकळं मोकळं दिसत व्हतं," म्हणाले. भोरच्या पेठेत खाली त्यांचं कॅसेट भरून देण्याचं दुकान, दुकानामागं त्यांचं आणि चाचींचं बिऱ्हाड, आणि वर भाड्यानं मी. विंझरच्या बाजूला एका शाळेत मी इंग्रजी शिकवायचो. जाताना एसटी बदलायची, येताना एसटी बदलायची आणि मधल्या वेळात मुलांना भूतकाळ शिकवायचा. नव्वदीतली ती सगळी वर्षं मला एकाच लांबलचक संध्याकाळीसारखी आठवतात, आणि त्या संध्याकाळी मी जिना चढत असतो.

गिऱ्हाईक कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी देऊन जाई. यादी संपली तरी शेवटी चार-पाच मिनिटांची जागा उरायचीच. दुसरा दुकानदार ती तशीच सोडून देईल. चाचांना ते सोसत नसे. "गानी सपली की मानूस तसाच बसून ऱ्हातो सर, आन कॅसेट नुसती सूं करती. त्या सूंमदी मानूस लई येकटा पडतो बगा." म्हणून त्या उरलेल्या जागेत ते एक इंग्रजी गाणं भरत. कायम तेच. रेडिओवर लागलं होतं तेव्हा चाचांनी टेपरेकॉर्डर रेडिओच्या तोंडाशी धरून ते पकडलं होतं. गाणं कुणाचं, नाव काय, हे निवेदिका सांगेपर्यंत बटण बंद झालेलं. संथ गिटार, हळूहळू चढत जाणारे ड्रम, आणि गाणारा इतका दमलेला की कडव्याच्या शेवटापर्यंत पोचतोय की नाही याची ऐकणाऱ्यालाच काळजी लागावी. दुसऱ्या कडव्याआधी तो दम खायला थांबतो, आणि नेमकी तिथं मागच्या खोलीतून चाचींची खणखणीत हाक येते, "अवं, च्या निवतोय!" त्यावर चाचांचं जोरदार "श्श्!" आणि मग पुन्हा गिटार.

हे असं सगळं दोन तालुक्यांत गेलं. आंबवड्याच्या भजनी मंडळाला चाचांनी हरिपाठाची कॅसेट भरून दिली. आरती संपली की ते गाणं सुरू व्हायचं, आणि मंडळी हात जोडून तशीच बसायची. एक नवखा उठायला लागला तेव्हा म्हातारे बुवा त्याच्यावर डाफरले, "बस खाली! च्या निवल्याबिगर उठायचं नसतं!" माझ्या शाळेत तोंडी परीक्षेत एका मुलीला मी इंग्रजी गाणं म्हणायला सांगितलं, तर तिनं डोळे मिटून सगळी चाल गुणगुणली, एकही शब्द न घेता, आणि जागेवर बरोबर "अवं, च्या निवतोय" म्हणाली. वर "श्श्" सुद्धा केलं. मी पैकीच्या पैकी दिले. पुढं भोरच्या ब्यांडवाल्यांनी ते वरातीत घेतलं. क्लॅरनेट थांबलं की वऱ्हाड एका सुरात चाचींची हाक मारी आणि मग ओठांवर बोट ठेवून ब्यांडवाल्यांनाच गप्प करी. चाची दारात उभ्या राहून पदराआडून हसत. "माजं न्हाई बाई त्ये गानं," म्हणत.

माझा बदलीचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला, त्या दिवशी मी जिना न चढता दुकानातच बसून राहिलो. चाचांनी उठून कॅसेट लावली. गाणं झाल्यावर म्हणाले, "सर, तुमी इंग्रजीचं मास्तर. काय म्हनतोय त्यो?" मला निम्मंच कळलं होतं, पण मास्तरकीची लाज राखणं भाग होतं. म्हटलं, "रडून घे, मग तोंड धू, मी इथंच बसलोय, असं काहीतरी म्हणतोय." चाचा विचारात पडले. "म्हंजे आमची ही म्हनती त्येच की." तेवढ्यात आतून चाचींनी चहा पाठवला, आणि मला त्या भाषांतरात काही चूक सापडेना.

चाची गेल्या त्या वर्षी दुकानात सीड्या आल्या होत्या, आणि थोड्याच दिवसांत मोबाईल आले. त्यांत शेवटी जागा उरतच नाही. गिऱ्हाईक तुटलं, तरी चाचा रोज दुकान उघडून ती मूळ कॅसेट एकदा लावत. एके दिवशी टेपनं ती चावली. आतली फीत शेवयांसारखी बाहेर आली. दोन तालुक्यांना गाणं वाटणाऱ्या माणसाजवळ स्वतःसाठी दुसरी कॅसेट नव्हती, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पहिल्यांदाच मी त्यांना रडताना पाहिलं. "गानं गेलं तर जाऊ द्या सर. तिचा आवाज त्यातच व्हता. आन त्यातबी म्या तिला गप केली वो. काय मागत व्हती ती? च्या घ्या, येवढंच ना?"

तोवर मी स्कूटर घेतली होती. दर रविवारी चाचांना मागं बसवून मी गावं पालथी घातली. आंबवड्याचे बुवा वारले होते, आणि मंडळाच्या कॅसेटवर कुणी तमाशा भरला होता. विंझरला गिरणीवाल्यानं पेटी उघडली, तर कॅसेटींना बुरशी. भोंगवलीत एका शेतकऱ्यानं आम्हाला थेट शिवारात नेलं. ज्वारीवर चारी बाजूंनी कॅसेटीच्या फिती ताणलेल्या, वाऱ्यावर नुसत्या घूं करत होत्या. "तुमच्याच दुकानाच्या हैत चाचा. पाखरं फिरकत न्हाईत बगा!" तो बिचारा कौतुकानं सांगत होता. चाचा एका फितीला कान लावून बराच वेळ उभे राहिले. येताना स्कूटरवर म्हणाले, "बास झालं सर. आता नगं हुडकायला." मलाही त्याहून जास्त बळ उरलं नव्हतं.

पुढच्या लग्नसराईत एका संध्याकाळी आम्ही दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. वरात आली. ब्यांडवाल्यांनी सवयीनं तेच गाणं धरलं. दुकानासमोर क्लॅरनेट थांबलं, आणि पन्नास-साठ माणसं, ज्यांतल्या निम्म्यांनी चाचींना कधी पाहिलंही नव्हतं, जीव खाऊन ओरडली, "अवं, च्या निवतोय!" मग सगळ्यांची बोटं ओठांवर गेली. पण कुणी "श्श्" म्हणायच्या आत चाचा गुडघ्यावर हात देऊन उठले आणि मागच्या खोलीकडं तोंड करून म्हणाले, "आलो गं, आलो."

आणि आत गेले. मीही मागोमाग गेलो. गॅस पेटवला, दोन कप चहा टाकला, आणि निवायच्या आत आम्ही तो पिऊन टाकला.