नानांच्या खिडकीवरचा सूर्योदय

नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, आजारपणात मी त्यांची खिडकी बंद करून तिच्यावर सूर्योदय ठोकला.

त्या खिडकीतून मिल दिसायची. नानांनी तिथं उभी हयात टाइमकीपरी केली होती. देशात खुल्या बाजाराचं नवं वारं आलं, मिलला कुलूप लागलं, आणि त्याच हिवाळ्यात नानांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दिवसभर ते बिनधुराच्या चिमणीकडे बघत पडून असायचे. डॉक्टर म्हणाले, “मरीज को खुश रखिए, आवाज लौट सकती है.”

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. मग काय विचारता! फ्रीगंजच्या बाजारातून प्लायवूड आणि ऑइलपेंट आणले. जांभळे डोंगर, त्यांमागून उगवता सूर्य, निळी झाडं, नारंगी नदी असा प्रसन्न देखावा रंगवला आणि खिडकीच्या चौकटीवर खिळ्यांनी पक्का केला.

“नदी नारंगी का रे?” आईनं विचारलं.

“आई, ही शैली आहे. नारंगी म्हणजे उमेद!”

नाना डावा हात चित्राकडे करून “अं! अं!” करू लागले. डोळ्यांना धार लागली.

“बघ, आवडलं त्यांना!”

खिडकी बंद, त्यामुळे भरदुपारी अंधार. डोंगर काळेठिक्कर दिसू लागले. शेजारच्या शर्माभाभी दारातूनच म्हणाल्या, “भैया, ये तो श्मशान लग रहा है!” मी तातडीनं सूर्य दुप्पट केला. नाना आणखी जोरात “अं! अं!” (मला वाटलं, अजून मोठा हवाय.) ट्यूबलाइट लावली, तर नदीला कावीळ झाली. नदी गुलाबी केली. रंगाच्या वासानं नाना खोकू लागले, आईचं डोकं चढलं, आणि मी पिवळी फुलपाखरं काढत होतो!

“पुरे कर आता! खाली-पीली परेशान करतोयस त्यांना,” आई ओरडली.

“अगं, परिणाम होतोय!”

आणि झाला. मागून घोगरा आवाज आला, “हटव ते!”

माझ्या हातातला ब्रश पडला. आई रडली, मीही रडलो, खोटं कशाला सांगू? पक्कडीनं खिळे उपटले. ऊन थेट अंथरुणावर आलं. नानांनी मान वळवून चिमणीकडे बघितलं.

“बंदच... अजून?” त्यांनी अडखळत विचारलं.

“हो, नाना.”

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते आणि आम्हाला काहीच करता येत नव्हतं.

डॉक्टर याला चमत्कार म्हणाले. असेलही. आजवर माझ्या चित्रांबद्दल इतक्या कळकळीनं कुणी बोललं नव्हतं. पहिले दोन शब्द निघाले, तेही वाचा गेलेल्या माणसाच्या तोंडून!